वळसंगची मुकी पाखरं

२ डिसेंबर, मंगळवार

ही वही बुद्धप्रियाने दिली. तिला कामावर अशा दोन मिळाल्या होत्या, हिरव्या पुठ्ठ्याच्या, वर पाखराचं चित्र असलेल्या. एक तिने ठेवली आणि दुसरी माझ्या हातात देऊन म्हणाली, "आबा, काळजी वाटली की हितं लिवायचं. फोन न्हाय करायचा."

बुद्धप्रिया माझी नात, माझा मुलगा प्रदीप याची मुलगी. बीएस्सी झाली आहे. वळसंगच्या पुढे जुना पाझर तलाव आणि त्याच्या बाजूचं गायरान आहे. त्याला कुंपण घालून आता पाखरांसाठी राखीव जागा केली आहे. एक संस्था ती चालवते. तिथे लोकांना पाखरं दाखवायचं काम हिला मिळालं. सध्या शिकाऊ आहे. लोक आत्ताच येऊ लागले आहेत, रीतसर उद्घाटन सव्वीस जानेवारीला आहे. त्या दिवशी पाहुण्यांना नीट फिरवून आणलं तर नोकरी कायम, नाहीतर राम राम. असं वैजयंती मॅडमनी तोंडावर सांगितलं आहे. त्या तिथल्या व्यवस्थापक.

फोनचं असं झालं की मागच्या शनिवारी मी तिला एकसारखा फोन लावत होतो. ती उचलेना. माळावर साप असतात, लांडगे असतात, मोकाट कुत्री असतात. शेवटची एसटी चुकली तर पोरगी कुठे उभी राहणार? नंतर कळलं की ती पाहुण्यांना घेऊन दबकत तलावापाशी पोहोचली होती, आणि नेमका तेव्हा फोन वाजला. सगळी पाखरं उडाली. मॅडम बोलल्या.

माझं शिक्षण पाचवीपर्यंत. पुढे हयात यंत्रमागावर गेली, चादरी आणि टॉवेल विणण्यात. पण विहाराच्या वाचनालयात रोज पेपर वाचतो, त्यामुळे चार ओळी लिहिता येतात. आजची काळजी लिहिली. कमी झाली नाही.

७ डिसेंबर

काल सहा डिसेंबर. विहारात गर्दी होती, मी मागे भिंतीला टेकून बसलो. भंतेजी बोलत असताना लाईट गेली आणि त्यांनी आवाज एकदम उतरवला. लाईट आल्यावर पुन्हा नीट बोलू लागले. हल्ली सगळेच असं करतात. अंधार झाला की लोक पुटपुटतात. कशाची भीती वाटते कोणास ठाऊक.

घरातही तेच. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक बंद झाली आहे, काटे मात्र फिरतात. स्वस्तातला माल. गल्लीतल्या चिमण्या ओरडायच्या थांबल्या. मोबाईलच्या टॉवरमुळे असं होतं म्हणून पेपरात आलं होतं. बायकोने, भीमाबाईने, तर माझ्याशी बोलणंच टाकलं आहे. चहा हवा का, तर नुसती मूठ तोंडाकडे नेऊन दाखवते. जेवायला वाढलं, तर हाताने बोलावते. आयुष्यभर विड्या वळल्या, हात थांबत नाहीत, तोंड थांबलं. रागावली असेल. कशावरून, ते सांगत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

आज शिवपुत्रला घेऊन वळसंगला जाऊन आलो. नातीला सांगून गेलो, चोरून नाही. शिवपुत्र अक्कलकोटकडचा. आम्ही एका कारखान्यात शेजारच्या मागांवर होतो. त्याने लवकर माग सोडला आणि चहाची गाडी टाकली. पण भेटलो की आम्ही अजून हातानेच बोलतो. ज्याने माग चालवला नाही त्याला हे कळणार नाही. शंभर माग एकदम चालू असले की माणूस कानाशी येऊन ओरडला तरी उपयोग नसतो. म्हणून सगळं हातावर आणि ओठांवर. बोट वाकडं केलं की धागा तुटला. मूठ तोंडाकडे नेली की चहा. तळवा खाली दाबला की मालक आला, खाली मान घाला. आणि दोन्ही मनगटं डोक्यावर आडवी धरली की माग बंद. ही खूण गंमत म्हणून कोणी करत नसे. कुणाचा हात नाहीतर पदर पट्ट्यात सापडला की ही खूण. दिसली की आधी हात थांबवायचा, विचारायचं नंतर. बुद्धप्रिया लहानपणी माझा डबा घेऊन कारखान्यात यायची. तिला सगळ्या खुणा येत होत्या. घरी भातुकली खेळतानासुद्धा ती बाहुलीचा माग बंद करायची.

एसटीत शिवपुत्र पुढे बसला, मी मागे. आमचं हाताने बोलणं चाललं होतं. एका बाईने मुका समजून मला खिडकीची जागा दिली. मी घेतली.

जागा चांगली केली आहे. पिवळं गवत कमरेपर्यंत, मधून पायवाट. तलावाकाठी बांबूच्या तट्ट्यांचं लपण. त्याला आडव्या फटी ठेवल्या आहेत, त्यातून पाहायचं. पाण्यावर पट्टकादंब उतरले होते. म्हणजे हंसच, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले. फार लांबून, हिमालय ओलांडून येतात म्हणे. बुद्धप्रिया डोक्याला टोपी, गळ्यात दुर्बीण घालून अशी काही उभी होती की मला क्षणभर ओळखू आली नाही.

मग ती माळावर एका जागी थांबली. कानाकडे बोट नेऊन "ऐका" म्हणाली. वर एक बारकं पाखरू एकाच जागी पंख मारत होतं. चंडोल. आमच्याबरोबर दहाबारा माणसं होती. सगळ्यांचे चेहरे फुलले. एकीने डोळे मिटून घेतले. मी वर पाहिलं. पाखराची चोच उघडत होती, मिटत होती. आवाज काहीच नव्हता.

मी पुन्हा सगळ्यांचे चेहरे पाहिले. कोणी मस्करी करत नव्हतं.

परत येताना शिवपुत्रला विचारलं, "तुला आलं का रं ऐकू?"

"आलं की. बारीक, शिट्टीगत."

"खरं सांग."

"एनप्पा, काय रं हरिदास, मी कशाला खोटं बोलू? म्या काय तिकीट काढलंय?"

तिकीट काढलं नव्हतं, हेच तर. गेटवर त्याला फुकट चहा मिळाला होता, तो त्यांच्याच बाजूने बोलणार.

१५ डिसेंबर

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात फिरते आहे. पाखरं मुकी आहेत. हंस पाण्यावर माना हलवत होते, तेही मुके. टिटवी डोक्यावरून गेली, तीही मुकी. टिटवी मुकी असते का? लहानपणी आमच्या वस्तीवर ती अशी ओरडायची की म्हातारीकोतारी घाबरायची.

आणि लोक पैसे भरून येतात, ऐकल्यासारखं करतात. कारण माझी नात सांगते ऐका, आणि शेजारचा मान डोलावतो, म्हणून तेही डोलावतात. आपल्याला ऐकू आलं नाही हे चारचौघांत कोण कबूल करणार?

मागे पेपरात एका बोगस शाळेची बातमी होती. चौकशी लागली तेव्हा चालक पसार झाला. सापडली ती सह्या करणारी पोरं. इथेही तसंच होईल. मॅडम सुटतील. "ऐका" म्हणणारी अडकेल.

२१ डिसेंबर, रविवार

आज विचारायचं ठरवलं. आधी प्रदीपला. प्रदीप वीज मंडळात लाईनवर आहे, खांबावर चढून आला की चिडलेला असतो.

मी म्हणालो, "तुझ्या पोरीला कामावर खोटं बोलायला लावत्यात."

"कोण?"

"ती मॅडम. पाखरं ओरडत न्हाईत, ही म्हणते ओरडत्यात."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग भीमाबाईकडे बघितलं. तिने मान वळवली. दोघांना काहीतरी माहीत आहे. तो पायात चपला अडकवून बाहेर गेला.

संध्याकाळी बुद्धप्रिया आली. तिला समोर बसवलं. म्हणालो, "बुद्धे, खरं सांग. तो चंडोल वरडतो का?"

ती म्हणाली, "गातो की आबा. असा गातो की पायच हलत न्हाईत."

"मला काय आलं न्हाय ऐकू."

ती उठली आणि माझ्या पाठीमागे गेली. बराच वेळ मागेच उभी होती. मी वाट पाहिली. काय करत होती कोणास ठाऊक, काही बोलली नाही. समोर भीमाबाई लसूण सोलत बसली होती. तिचे हात थांबले, आणि ती माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघत होती. मग बुद्धप्रिया पुढे आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हातात माझी स्टीलची ताटली आणि उलथनं होतं. ते का घेतलं होतं, विचारलं नाही.

पोरगी लहानपणापासून खोटं बोलत नाही. पकडली गेली म्हणून रडली असणार. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

२३ डिसेंबर

जेवण जात नाही. भीमाबाईने हाताने विचारलं, काय झालं? मी हातानेच सांगितलं, धागा तुटलाय. तिने कपाळावर हात मारला.

४ जानेवारी, रविवार

आज वाईट झालं.

उद्घाटनाच्या आधी सराव म्हणून घरच्या माणसांना आणि काही शिक्षकांना बोलावलं होतं. भीमाबाई म्हणाली, तुमी जाऊ नका. हे मात्र तोंडाने, समोर येऊन म्हणाली. मी गेलो. मी नाही तर पोरीच्या मागे कोण आहे?

लपणात आम्ही पंधराएक जण एका रांगेत बसलो होतो. पट्टकादंब अगदी जवळ आले होते, दगड टाकला तर लागेल एवढ्या अंतरावर. वैजयंती मॅडम मागे उभ्या होत्या. एक शिक्षक फटीला डोळा लावून हसत होते आणि बुद्धप्रिया त्यांना कानाकडे बोट करून दाखवत होती. म्हणजे पुन्हा तेच. माझ्याने राहवेना. मी तिच्याकडे वाकलो आणि अगदी हळू, कुजबुजत म्हणालो, "पोरी, असं सांगू नगंस. एक दिवस अंगाशी येईल."

एवढंच. शपथेवर सांगतो, शेजारच्यालासुद्धा कळलं नसतं.

तोच सगळे हंस एकदम उठले. पाणी ढवळून निघालं. शिक्षक दचकून मागे सरले, एका बाईच्या हातून दुर्बीण पडली. सगळे माझ्याकडे बघत होते. का बघत होते? मीही त्यांच्याइतकाच दचकलो होतो. कोल्हा आला असेल, नाहीतर ससाणा.

मॅडमनी बुद्धप्रियाला बाजूला नेलं. मॅडमची पाठ माझ्याकडे होती, म्हणून त्या काय बोलल्या ते कळलं नाही. बुद्धप्रियाचे ओठ दिसत होते. ती म्हणत होती, "न्हाय मॅडम, पुन्हा होणार न्हाय. माझे आजोबा हैत." मग म्हणाली, "हो. समजलं."

एसटीत ती माझ्या शेजारी बसली. तोंड माझ्याकडे करून, सावकाश म्हणाली, "आबा, सव्वीस तारखेला तुमी यायचं न्हाय. आता परत काय झालं तर त्या दुसरी मुलगी घेणार हैत. माझा काय भरवसा न्हाय राहिला."

"कोल्हा आला त्यात माझी काय चूक?"

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

१३ जानेवारी

गड्ड्याची जत्रा, आमची दरसालची संक्रांतीची, सुरू झाली. शिवपुत्र नंदीध्वजाच्या, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मिरवणुकीत पांढरी बाराबंदी घालून मिरवतो आहे. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. या वर्षी पोलिसांनी चांगलं केलं, भोंगे आणि वाजंत्री पार कमी करून टाकली. शिवपुत्रला तसं म्हणालो तर तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. त्याच्या मागेच ताशावाला होता, हात मात्र जोरात चालले होते.

१५ जानेवारी

आज कळलं घरात काय शिजत होतं.

प्रदीप माझ्यासमोर मांडी घालून बसला. शेजारी भीमाबाई, दारात सून. सून दवाखान्यात आया आहे, तिनेच डॉक्टर शोधला म्हणे. प्रदीप म्हणाला, "बाबा, तुमचे कान दाखवून आणू."

"कानाला काय झालं माझ्या?"

"ऐकू येत न्हाय तुमाला."

"आत्ता तू बोललास ते कुणी ऐकलं?"

"ऐकलं न्हाय. माझं तोंड बघितलं तुमी."

मी उठलो. एवढा राग मला कारखाना बंद पडला तेव्हाही आला नव्हता. माणसाला एकदा बहिरा ठरवलं की त्याच्या बोलण्याला कोण किंमत देतो? उद्या मी कुठे बोललो की पाखरं मुकी आहेत, तर हे म्हणणार, म्हातारा बहिरा आहे. पोरीला वाचवायचं सोडून हे त्या मॅडमला वाचवायला निघाले आहेत. मी म्हणालो, "समोर बसून बोललं की मला शब्दन्‌शब्द कळतो. तुमीच पाठ फिरवून बोलता."

भीमाबाई काहीतरी म्हणाली, पण मी तिच्याकडे बघितलं नाही.

२५ जानेवारी, रविवार

उद्या उद्घाटन. जिल्ह्याचे कोणी मोठे साहेब येणार आहेत. बुद्धप्रिया आजच तिकडे मुक्कामाला गेली. जाताना माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आबा, उद्या घरीच थांबा. माझ्यासाठी."

मी हो म्हणालो.

पण मी जाणार आहे. खूप विचार केला. चौकशी लागल्यावर कोणी ऐकत नाही. आधीच आपण होऊन सांगितलं तर पोरगी सुटेल. साहेबांना बाजूला घेऊन सांगायचं, साहेब, ही माझी नात, हिला जे सांगायला सांगितलं ते ती सांगते, हिची चूक नाही. साहेब शिकलेले असतात. कान त्यांनाही आहेत. त्यांना विचारीन, तुम्हाला तरी आलं का ऐकू?

नोकरी जाईल. जाऊ दे. नोकऱ्या मिळतात. पोरीवर डाग नको.

पटका धुऊन वाळत घातला आहे.

२६ जानेवारी, सोमवार

जे झालं ते झालं तसं लिहितो.

सकाळी पहिल्या एसटीने वळसंगला उतरलो. शाळेची पोरं झेंडा घेऊन निघाली होती. गेटवर मांडव होता, रांगोळी होती. तिथून गेलो असतो तर अडवलं असतं, म्हणून गायरानाला वळसा घालून मागून गेलो. तिकडे कुंपणाची तार अजून ओढायची आहे. तलावाच्या पलीकडच्या अंगाला एक जुनं वडाचं झाड आहे. त्याच्या भोवती लाल फीत बांधली होती. शेळ्या येऊ नयेत म्हणून असेल, असं वाटलं. फितीखालून वाकून आत गेलो आणि मुळीवर बसलो. इथून पाऊलवाट दिसते. पाहुणे लपणातून निघाले की समोरच्या काठाने इकडे येतील, मग साहेबांना गाठायचं.

तिथे बसून काय बोलायचं ते पुन्हा पुन्हा मनात म्हणत होतो. ऊन चांगलं चढलं, तेव्हा समोरच्या काठावर माणसं दिसली. पुढे टोपी घातलेली बुद्धप्रिया, मागे फेटेवाले, साड्या, साहेब, मॅडम. सगळे हळूहळू, एका ओळीत. मध्ये पाणी, पाण्यावर हंस.

धीर यावा म्हणून मी खिशातून विडी काढली. भीमाबाईच्या हातची, ती अजून माझ्यासाठी वेगळ्या वळते. तोंडात धरली. काडेपेटी काढली. काडी हातात घेतली आणि सहज समोर बघितलं.

सगळी माणसं थांबली होती आणि माझ्याकडे बघत होती. एका फेटेवाल्याचं तोंड मोठं उघडलं होतं. बुद्धप्रियाने वळून त्याच्यापुढे हात आडवा धरला. त्याचं तोंड मिटलं. मग ती पाण्याच्या अगदी कडेला आली आणि दोन्ही मनगटं डोक्यावर आडवी धरली.

माग बंद.

माझा हात थांबला. मी थांबवला नाही, तो थांबला. काडी पेटीला टेकली होती, तिथेच राहिली. एवढी वर्षं झाली मागाला हात लावून, पण ती खूण दिसली आणि अंगातलं रक्त जागच्या जागी उभं राहिलं. कुणाचा हात सापडला? कुणाचा पदर?

तिने एक मनगट खाली घेतलं आणि बोट वर केलं. मी मान मागे टाकून वर बघितलं.

माझ्या डोक्यावरच्या फांदीला काळी घोंगडी लोंबत होती. घोंगडी हलत होती. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तिच्या अंगावरून लाट जात होती. आग्या मोहोळ. खाली बसून विडी पेटवली असती तर धूर सरळ त्यात गेला असता. मग मी तर गेलोच असतो, पण समोर उघड्या माळावर ती पन्नास माणसं होती आणि सगळ्यांच्या पुढे माझी नात.

मी पुन्हा तिच्याकडे बघितलं. तिने तळवा खाली दाबला. मालक आला, मान खाली. मी मान खाली घातली, पण डोळे तिच्या हातावर ठेवले. मग तिने दोन्ही हातांनी ताणा, म्हणजे उभे धागे, ओढायची खूण केली, अगदी सावकाश. नवा ताणा मागावर चढवताना ओढतात तसा, धागा तुटू नये इतका हळू. मी तसाच उठलो. तसाच मागे सरकलो. एक माशी पटक्यावर बसली, एक कानाच्या पाळीवर. हात वर जायला लागला. समोर मनगटं पुन्हा आडवी झाली. हात खाली आला. माशीने कानाला डंख मारला. मी हललो नाही. तिचा हात ओढत होता, मी सरकत होतो. फितीखालून कसा वाकलो, आठवत नाही.

पुरेसा लांब आलो तेव्हा तिने हात खाली सोडले. पाण्यावरचे हंस जागेवरच होते. एकही उठला नव्हता.

मी गवतात बसलो आणि त्या झाडाकडे बघितलं. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं.

चंडोल मुका असेल. हंस मुके असतील. टिटवी मुकी झाली असेल, टॉवरमुळे म्हणा, कशामुळेही म्हणा. पण आग्या मोहोळ मुकं नसतं. लहानपणी आम्ही आंब्याच्या राईत गेलो की मोहोळ दिसायच्या आधी ऐकू यायचं, कारखान्याच्या भिंतीबाहेरून माग ऐकू यावेत तसं. एवढी मोठी घोंगडी माझ्या डोक्यावर पुरुषभर उंचीवर हलत होती, मी खाली किती वेळ बसलो होतो, आणि आवाज नव्हता.

आणि पोरगी मला हाक मारायला गेली नाही. दुसरं कोणीही ओरडलं असतं. तो फेटेवाला ओरडणारच होता. तिने त्याला थांबवलं. तिला माहीत होतं.

मला त्या दिवशीची ताटली आणि उलथनं आठवलं.

पाहुणे पलीकडच्या वाटेने फिरून गेल्यावर ती माझ्याकडे धावत आली. मागून मॅडम. मी आधी मॅडमना हात जोडले आणि म्हणालो, "हिची चूक न्हाय. हिनं येऊ नगा म्हणून सांगितलं हुतं." मी किती मोठ्याने बोललो ते मला माहीत नाही. मॅडम काय बोलल्या तेही नीट कळलं नाही, कारण माझे डोळे भरले होते आणि मला त्यांचे ओठ दिसत नव्हते. बुद्धप्रिया माझ्या कानातली नांगी नखाने काढत होती.

मग तिने वर बघितलं. मीही बघितलं. माळावर चंडोल चढला होता, चोच उघडत होती, मिटत होती.

मी तिला विचारलं, "कसा वरडतो?"

तिने दुर्बीण मागे सारली. मग तिने दोन्ही हात पुढे केले आणि माग सुरू करायची खूण केली. एक माग. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. मग दोन्ही हातांची बोटं धोट्यासारखी इकडून तिकडे, तिकडून इकडे पळायला लागली, जलद, आणखी जलद, आणि हात वर वर जायला लागले.

"सगळे माग एकदम?" मी म्हणालो.

तिने मान हलवली.

"आन्‌ धागा तुटत न्हाय?"

ती हसली. म्हणाली, "एकबी न्हाय."

३० जानेवारी

काल बुद्धप्रियाला कायम केल्याचं मॅडमनी सांगितलं. साहेबांनी जाताना विचारलं होतं म्हणे, ते हातवारे कसले होते, आणि खुलासा ऐकून पोरीची तारीफ केली. आता राखीव माळावर पाहुण्यांना आत सोडायच्या आधी ती तीन खुणा शिकवते. थांबा, खाली बसा, हळू मागे सरा. कुणी बोलायचं नाही. मला जायची परवानगी आहे, पण एका अटीवर. रांगेत सगळ्यात पुढे उभं राहायचं, तिला माझे हात दिसतील असं. आणि विड्या गेटवर काढून द्यायच्या. तपासते ती.

सोमवारी डॉक्टरकडे जायचं आहे. डॉक्टर काय म्हणतो बघू. कानाला लावायच्या यंत्राने डोकं दुखतं असं शिवपुत्र म्हणतो. त्याला काय माहीत.

आज दुपारी भीमाबाई समोर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. मी विचारलं, "तुला कधीपास्नं माहीत हाय?"

तिने हात थांबवले. तोंड माझ्याकडे केलं. "भोंगा बंद झाला तवापास्नं."

म्हणजे कारखाना बंद पडला तेव्हापासून. एवढी वर्षं ती मूठ तोंडाकडे नेऊन चहा विचारत होती आणि मला वाटलं होतं, रागावली आहे.

मी तिच्या सुपाजवळ सरकलो. मग म्हणालो, "एवढ्या वर्सांत तू माझ्या पाठीमागनं काय काय बोलली असशील. माझं सगळं ऐकायचं ऱ्हायलं."

ती पुन्हा विडी वळायला लागली. "लई काय न्हाय," ती म्हणाली. "निम्म्या शिव्याच हुत्या."

"आन्‌ बाकीचं निम्मं?"

तिने सूप बाजूला ठेवलं, दाराकडे बघितलं, कुणी नाही याची खात्री केली, आणि मग हातानेच सांगितलं. ते इथे लिहीत नाही.